‘वारिज’ची काही चूक नाही

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जुन्या शब्दांवरून भांडायला आपल्याला नवं बळ आलं. त्यातलंच एक अगदी घरगुती भांडण वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचं आहे. एक बाजू म्हणते, ‘वारिज’ (कमळ), ‘खग’ (पक्षी), ‘नग’ (डोंगर), ‘रव’ (आवाज) असले मेलेले शब्द कोड्यातून हद्दपार करा. जे कुणी बोलत नाही ते विचारता कशाला? दुसरी बाजू लगेच छाती पुढे काढते: हा आपला वारसा आहे, कोड्यातूनही हे शब्द गेले तर राहणार कुठे? दोघंही तावातावाने बोलतात, पण कोडं बनतं कसं हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं की जुने आणि काव्यातले शब्द कोड्यात हवेतच. मात्र वारसा जपायचा म्हणून ते नकोत, आणि आज ज्या पद्धतीने ते विचारले जातात त्या पद्धतीने तर मुळीच नकोत. शब्द निर्दोष आहे. दोष शोधसूत्राचा, म्हणजे उत्तर ओळखायला दिलेल्या खुणेचा आहे.

हे शब्द कोड्यात येतात तरी का? पांडित्य मिरवायची हौस हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. इंग्रजी कोड्यात एका घरात एक लिपीचिन्ह बसतं, आणि चिन्हं सव्वीसच. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट अख्खं अक्षर बसतं. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर इथेच ४०८ अक्षरं झाली. जोडाक्षरं आणखी वेगळी. कोड्याच्या हिशेबात ‘प’ आणि ‘पा’ एकमेकांना ओळखतही नाहीत. आता रोजचे शब्द घ्या: पाणी, भाकरी, खिडकी, पोळी, मुलगी. जवळजवळ प्रत्येक अक्षराला काहीतरी चिकटलेलं. आडव्या ‘डोंगर’च्या ‘डों’वरून खाली उभा शब्द सोडायचा म्हटलं तर डोंबारी, डोंगळा आणि डोंबिवली यांच्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. याउलट नग, कर, शर, वन, नयन, गगन, पवन, कमल या शब्दांची सगळी अक्षरं बिनमात्रेची आहेत, त्यामुळे दुसऱ्या दिशेने येणारा शब्द त्यांना सहज छेदून जातो. कोडेकार कोपऱ्यात सापडला की संस्कृतकडे धाव घेतो ती या गणितामुळे. (काही जण ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करून स्वतःची सुटका करून घेतात. त्याबद्दल मी गप्प बसतो.)

ही धावही आजची नाही. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश पद्यात आहे आणि एकेका अर्थाचे शब्द तो ओळीने मांडत जातो. तो पाठ असलेल्या कवीला वृत्तात बसेल तो शब्द चटकन उचलता यायचा. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म वर्ज्य! ‘म’ गेला म्हणजे कथेच्या नायकाचं नावच घेता येत नाही. अशा अटीवर रामायण सांगायचं तर आडवळणाच्या शब्दांना शरण जावंच लागतं. पंडिती कवितेवर कृत्रिमपणाचा ठपका आला, तो बऱ्याच अंशी रास्तही आहे. पण स्वतःहून अडचण ओढवून घ्यायची आणि भाषेच्या कानाकोपऱ्यातून वाट काढायची, हा आपला जुना खेळ आहे. कोडेकार त्याच घराण्यातला. त्याला ‘फक्त बोलीतले शब्द वापर’ असं बजावणं म्हणजे खेळाचे नियम ठाऊक नसताना पंचगिरी करणं.

तरीही विरोधकांचा एक मुद्दा असा आहे की त्याला मान तुकवावीच लागते. अमरकोश पाठ असणं हे शतकानुशतकं मूठभर जातींच्या मुलग्यांच्याच वाट्याला आलं. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या स्तोत्रं म्हटली गेली, त्यांना ‘अंबुज’ आणि ‘नीरज’ फुकटात मिळालं; बाकीच्यांनी ते शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीतून घोकलं. मग रोज सकाळी लाखो घरांत जाणाऱ्या वर्तमानपत्राने कमळाची आठ नावं विचारावीत आणि गुरांच्या चाऱ्याला ‘वैरण’ म्हणतात हे मात्र वर्षानुवर्षं विचारू नये, याला करमणूक म्हणायचं की कुणाच्या घरात काय बोललं जायचं याची परीक्षा? हा आरोप खरा आहे. तो नाकारणारे स्वतःच्या लहानपणालाच सगळ्यांचं लहानपण समजतात.

पण या आरोपातून निष्कर्ष काय निघतो? जुने शब्द काढून टाका, असा तर निघत नाही. निघतो तो असा की जुन्या शब्दांची निवड फार अरुंद आहे. जुनं म्हणजे संस्कृत आणि संस्कृत म्हणजे काव्यमय, हे समीकरण कुणी ठरवलं? ‘कर’ म्हणजे हात, हे कोड्यातलं घासून गुळगुळीत झालेलं उत्तर. ते पुस्तकी वाटतं ना? ‘कर कटावरी ठेवोनिया’ म्हणत पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला ‘कर’ही ठाऊक असतो आणि ‘कट’ही. भाद्रपदात सगळा महाराष्ट्र ‘रत्नखचित फरा तुज गौरीकुमरा’ म्हणून टाळ्या वाजवतो. फरा म्हणजे नेमकं काय, असं त्या गर्दीतल्या किती जणांनी कधी विचारलं असेल? (‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ करणारे तर प्रत्येक मांडवात असतात.) आपण सहज बोलतो त्या म्हणीच बघा: ‘बळी तो कान पिळी’, ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’, ‘दाम करी काम’. पिळी, वसे, करी ही क्रियापदाची रूपं बोलण्यातून कधीच गेली, मनी-स्वप्नी ही सप्तमीही गेली. पण म्हणीत बसून ती रोज बाजारात जाऊन येतात. ‘पेव फुटलं’ असं मथळ्यात बेधडक छापणाऱ्या किती उपसंपादकांनी धान्य साठवायचं जमिनीतलं पेव पाहिलं असेल? ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणणाऱ्याच्या घरी आड नाही, रहाट नाही, पोहरा तर नाहीच.

म्हणजे जुना शब्द आणि मेलेला शब्द यांच्यामध्ये एक मोठा प्रदेश आहे: कानावरून गेलेल्या, तोंडात न बसलेल्या, अर्धवट माहीत असलेल्या शब्दांचा. कोड्याची सगळी मजा त्याच प्रदेशात आहे. पूर्ण माहीत असलेला शब्द भरायला काय गंमत आहे? आणि अजिबात माहीत नसलेला शब्द भरताच येत नाही. जिभेच्या टोकावर येऊन अडलेला शब्द दोन-तीन अक्षरांच्या आधाराने सुटतो, त्या क्षणासाठी माणसं पेन घेऊन बसतात.

विरोधकांचा दुसरा मुद्दा तरुणांचा. असले शब्द असतात म्हणून मुलं कोड्याला हात लावत नाहीत, आजचे शब्द आणा. ठीक, आणू. पण ‘आजचे शब्द’ म्हणून प्रत्यक्षात येतं काय? मालिकेतल्या नायिकेचं नाव, अमक्या नटाचा तमका सिनेमा, क्रिकेटपटूचं आडनाव. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं १९४२ मध्ये सुरू झालं, आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकी कोड्यांत ‘एस्ने’ (अँग्लो-सॅक्सन काळातला गुलाम) किंवा ‘अर्न’ (समुद्री गरुड) असे शब्द केवळ सोयीची अक्षरं म्हणून ठाण मांडून बसले. त्यांची इतकी टिंगल झाली की त्या शब्दभांडारालाच ‘क्रॉसवर्डीज’ असं नाव पडलं. १९९३ मध्ये विल शॉर्ट्झ संपादक झाले आणि वारं फिरलं: सिनेमा, टीव्ही, ब्रँड यांना दार उघडलं, बोलभाषेला जागा मिळाली. कोडी ताजीतवानी झाली, हे मान्य. पण तक्रारी थांबल्या का? मुळीच नाही. २००८ मध्ये एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक नावाच्या गावाला चित्रकार एन. सी. वायेथ यांच्या आद्याक्षरांनी नेमकं ‘एन’वर छेदलं. ना गाव ठाऊक, ना चित्रकाराची आद्याक्षरं, मग ते एक घर भरायचं कशाने? तेव्हापासून तिथले कोडीबहाद्दर अशा अडकित्त्याला ‘नॅटिक’च म्हणतात. यात जुना शब्द कुठेच नव्हता. दोन विशेषनामं होती, आणि विशेषनाम विचार करून सुटत नाही; ते माहीत असतं किंवा नसतं. ‘नभ’ तुकोबांच्या वेळी होतं, आजही आहे. गेल्या वर्षीच्या मालिकेतली सून पुढच्या वर्षी कुणाला आठवणार?

आता मूळ दुखण्याकडे येतो. ‘कमळ (३)’. बस्स, एवढंच शोधसूत्र. पंकज, नीरज, जलज, अंबुज, सरोज, वारिज, राजीव, नलिनी: आठही शब्द तीन अक्षरांचे, आठही बरोबर. उभ्या शब्दातून शेवटचं ‘ज’ मिळालं तरी सहा उमेदवार शिल्लक. आणि आपल्या जाळ्यांत काळी घरं इतकी की तीन अक्षरी शब्दाला बहुतेक वेळा एकच छेद मिळतो. मग सोडवणारा काय करतो? पेन्सिलने ‘पंकज’ लिहितो, दुसऱ्या दिवशी उत्तरात ‘वारिज’ बघतो आणि जुन्या भाषेला शिव्या घालतो. त्याचा संताप रास्त आहे, पण पत्ता चुकला. ‘वारिज’ऐवजी ‘पंकज’ उत्तर असतं तर हे कोडं न्याय्य झालं असतं का? ‘पंकज’ तर घरोघरी असतो.

शब्द सोपे असले की कोडं न्याय्य होतं, या समजाला आपल्याच इतिहासात एक सणसणीत उत्तर आहे. पन्नासच्या दशकापर्यंत आपल्याकडे बक्षिसी शब्दकोड्यांचं वेड होतं. आर. एम. डी. चमारबागवाला यांची इंग्रजी कोडी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकात येत आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातले वाचक फी भरून त्यांत भाग घेत. असल्या स्पर्धांतले शब्द बोजड नसायचे, साधे रोजचे असायचे. मख्खी वेगळीच होती: एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसायचे, आणि ‘बरोबर’ तो, जो आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेला. जास्त समर्पक शब्द निवडणारा हरायचा, कारण समितीच्या मनात दुसरा होता. सरकारने १९५५ मध्ये कायदा करून महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कोड्यांना जुगार ठरवलं. जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापाराच्या हक्काचं संरक्षण नाही, असं सांगितलं. आजच्या कोड्यात पैसे नाहीत एवढाच फरक. ‘कमळ (३)’ला आठांतलं एक उत्तर कोडेकाराच्या मनात असतं आणि आपण ते ओळखायचं असतं. ही अक्कलहुशारीची परीक्षा नव्हे, मटक्याचा आकडा आहे.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधलं. ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने डी. एस. मॅकनट हे शाळामास्तर कित्येक वर्षं कोडी घालत. शब्द असे की चेंबर्स डिक्शनरी मांडीवर असल्याशिवाय गत्यंतर नाही. स्पेन्सरच्या कवितेतले, स्कॉटलंडच्या बोलीतले, कधीच वापरातून गेलेले. आपल्या सोपेपणाच्या पुरस्कर्त्यांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं असतं. पण कोड्यातल्या न्यायाची चर्चा निघाली की तिथे आजही त्यांचंच नाव प्रमाण म्हणून घेतलं जातं. कारण प्रत्येक शोधसूत्रात उत्तराकडे जायला दोन वाटा असायच्या: एक अर्थाची, दुसरी अक्षरांच्या खेळाची. अर्थाची वाट अनोळखी असली तर अक्षरांच्या वाटेने जा, शब्द स्वतः घडव, मग कोशात बघून खात्री कर. शब्द जितका दुर्मिळ, तितकी दुसरी वाट साफ ठेवायची.

मराठीत हे जमत नाही, असं कुणी म्हणेल. का जमू नये? श्लेष आणि यमक यांवर पोसलेली भाषा आहे ही. ‘डोंगर (२)’ असं विचारून ‘नग’ मागण्याऐवजी असं विचारा: ‘दुकानदार मोजतो, गिर्यारोहक चढतो (२)’. ‘हात (२)’ऐवजी: ‘महापालिकेत भरा, देवळात जोडा (२)’. ‘सूर्य (२)’ म्हटलं की रवि, भानु, मित्र, अर्क सगळे रांगेत उभे राहतात. ‘सूर्यनमस्कार घालताना पहिली हाक या दोस्ताला (२)’ म्हटलं की एकटा ‘मित्र’ उरतो. ‘हा बिलंदर आभाळात तळपतो (२)’ म्हटलं की ‘अर्क’. आणि बदनाम ‘वारिज’? ‘वारी आखूड केली आणि जळाच्या काठाला कमळ दिसलं (३)’. वारीची वेलांटी ऱ्हस्व करा, ‘जळ’चं काठावरचं अक्षर जोडा, कमळ हातात. ‘वारिज’ हा शब्द ज्याने जन्मात ऐकला नाही त्यालाही हे सुटतं, आणि एकदा सुटलं की ‘पंकज’ लिहायचा मोहच होत नाही. देशी शब्दांना तर हे आणखी शोभतं: ‘जमिनीखाली धान्य साठवतं, फुटलं की बातमी होते (२)’. ‘फरा’साठी आरतीची ओळ अर्धी द्या आणि दोन घरं मोकळी सोडा, काम झालं.

वारसावाल्यांशीही दोन शब्द बोलायला हवेत, कारण बाजू माझी घेतात आणि युक्तिवाद भलताच करतात. कोड्यात ठेवल्याने शब्द जगत नाही. तीस वर्षं ‘खग’ भरणारा माणूस खिडकीतल्या कबुतराला एकदाही खग म्हणत नाही. शब्द कामाला लागला तरच जगतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पुढे पेशव्यांच्या दप्तरात मात्र फडणीस, सनद, खलिता, तहनामा हेच सुखाने नांदले. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ रुळले, कारण ते पाट्यांवर, फॉर्मवर, रोजच्या व्यवहारात आले. कोड्याच्या चौकटीकडून हे काम होत नाही, आणि तिच्यावर ते लादूही नये. वारशाच्या नावाखाली जे छापलं जातं ते बघा: वारसा कसला, सोयीची दोन-तीन डझन संस्कृत नावं आलटून पालटून. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, पुढे पुरवणी आली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्याही शंभर वर्षं आधीचा, १८३१ चा. दोन्ही आज मोबाइलवर फुकट चाळता येतात. त्यांत मोटेचे, मागाचे, होडीचे, तुरुंगाचे, तालमीचे शब्द ढिगांनी पडले आहेत. त्यातला एक तरी आपल्या कोड्यात शेवटचा कधी दिसला? वारशाचा एवढा कळवळा असेल तर तक्रार इथून सुरू व्हायला हवी.

राहिला व्यवहार. रोज एक कोडं, तेही असं दोन वाटांचं, रचायचं म्हणजे वेळ जातो. आणि बहुतेक ठिकाणी कोडेकाराचं नावसुद्धा छापत नाहीत, मग मानधनाचं काय बोलावं? हा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे: रोजचं बंद करा. समानार्थी शब्दांच्या यादीवरून घाईने जुळवलेली सात कोडी छापण्यापेक्षा रविवारी एक छापा. जुना शब्द असेल तिथे निदान एक अक्षर सोडून एक तरी छेद द्या. आणि पुढच्या रविवारी नुसतं भरलेलं जाळं न छापता, नेहमीच्या बोलण्यात नसलेल्या प्रत्येक शब्दापुढे तो कुठून घेतला ते एका ओळीत लिहा: आरतीतून, बखरीतून, जात्यावरच्या ओवीतून, की केवळ कोपरा भरत नव्हता म्हणून कोशातून. शेवटचं कारण छापायची लाज वाटली तर तो कोपरा मोडून पुन्हा रचायला आठवडा आहेच.